एकट्याने बर्फात: बॅजर पास ते ड्युई पॉइंट, स्नोशूवरचा एक दिवस

सह्याद्रीत पाय कसलेली आणि आता कॅलिफोर्नियात स्थिरावलेली बरीच मराठी मंडळी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात हमखास जातात. हिवाळ्यात मात्र दरीत गाडीने एक फेरी मारून परततात. वरच्या जंगलात त्या वेळी दोन-दोन मीटर बर्फ साचलेला असतो आणि स्की येत नसलं तरी तिथे चालता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं. पायात स्नोशू, म्हणजे पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, चढवले की पहिल्या अर्ध्या तासात चाल जमते. चाल जमणं सोपं आहे. एकट्याने जाऊन सुखरूप परत येण्यासाठी जी तयारी लागते ती वेगळी, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

सोबत कोणी असलं की चुकीचा निर्णय घेताना एक तरी आवाज आडवा येतो: "अरे, ढग बघ, फिरू या." एकट्याला तो आवाज नसतो. शिवाय थंडी आणि दमणूक दोन्ही विचारशक्तीवरच पहिला घाला घालतात. म्हणून एकट्याच्या सहलीतले महत्त्वाचे निर्णय घरी, ऊबेत, पोट भरलेलं असताना घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि डोंगरात गेल्यावर ते फक्त पाळायचे. खाली जे काही सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीला धरून आहे.

वाट कुठली आणि का

सिएरा नेवाडा पर्वतात हिवाळी वाटा भरपूर आहेत. एकट्याच्या पहिल्या सहलीसाठी मी बॅजर पासहून ड्युई पॉइंटला जाणारी वाट सुचवतो. योसेमिटी दरीतून वावोना रस्त्याने बोगदा ओलांडून चिंकापिनला यायचं आणि तिथून ग्लेशियर पॉइंट रस्त्याने सुमारे ५ मैल वर गेलं की बॅजर पासचं स्की-मैदान लागतं. १९३५ पासून तिथे स्कीइंग चालतं. उंची साधारण ७,२०० फूट, म्हणजे २,२०० मीटरच्या आसपास. हिवाळ्यात गाड्यांसाठी रस्ता इथेच संपतो. पुढचा ग्लेशियर पॉइंटपर्यंतचा साडेदहा मैलांचा पट्टा बर्फाखाली जातो आणि स्की व स्नोशूवाल्यांसाठी मोकळा राहतो.

त्याच पट्ट्याने सुमारे १ मैल चालल्यावर समिट मेडो हे कुरण येतं. इथून डावीकडे, म्हणजे उत्तरेला, ड्युई पॉइंटची वाट फुटते. जाऊन-येऊन एकूण अंतर ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. अंतर ऐकून राजगडाच्या चढाशी तुलना करू नका. बर्फात ११ किलोमीटरला सहा तास सहज लागतात.

ही वाट निवडण्यामागे तीन कारणं आहेत. एक, झाडांवर वाट-क्रमांकाच्या खुणा ठोकलेल्या आहेत. दोन, शनिवार-रविवारी इथे माणसांची ये-जा असते, म्हणजे तुम्ही एकटे असूनही जंगलात अगदी एकाकी नसता. तिसरं कारण सगळ्यांत मोठं: बहुतेक वाट मंद चढउताराची, दाट झाडीतली आणि कुरणांतली आहे. बर्फाचे मोठे थर घसरून येतात ते बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. गटाने जाणारे लोक अशा उतारांवर जाताना अंगावर ट्रान्सीव्हर बांधतात. एखादा गाडला गेला तर बाकीचे त्याचा संदेश पकडून खणतात. एकट्या माणसाचा संदेश पकडायला वर कोणीच नसतं, त्यामुळे ते यंत्र त्याच्या काहीच कामाचं नाही. तेव्हा एकट्याने जायचं असेल तर हिमस्खलनाच्या उतारावर, किंवा अशा उताराच्या पायथ्याशी, पाऊलच टाकायचं नाही. त्या दिवशीचा धोका "कमी" जाहीर झाला असला तरी नाही.

ड्युई पॉइंटला जाणाऱ्या दोन वाटा आहेत. १८ क्रमांकाची वाट कुरणातून जाते आणि सोपी आहे. १४ क्रमांकाची वाट डोंगरधारेने जाते आणि दमवते. पहिल्यांदा १८ नेच जायचं आणि १८ नेच यायचं. "जाताना कुरण, येताना धार" अशी गोल फेरी नकाशावर आकर्षक दिसते, पण परतीच्या वेळी, दमलेलं असताना, अनोळखी वाट पायाखाली घेण्यात शहाणपण नाही.

त्याआधी एक दिवस माणसांसोबत

आयुष्यात कधीच स्नोशू घातले नसतील तर पहिली खेप एकट्याने करू नका. हंगामात बॅजर पासला रेंजर स्वतः लोकांना स्नोशूवर फिरवायला नेतात. त्यांच्यासोबत एक सकाळ घालवली की बांधायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं, हे हाताखालून जातं. बर्फात पडल्यावर उठणं हा खरोखर शिकण्याचा विषय आहे. हात टेकवला की तो कोपरापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या बर्फावर एकमेकींवर फुलीसारख्या आडव्या ठेवायच्या, त्यांच्या मध्यावर तळहात रोवायचा, गुडघे पोटाखाली घ्यायचे आणि मग उठायचं.

स्नोशू, काठ्या, बूट

स्नोशूचा आकार तुमच्या पायावर नाही, एकूण वजनावर ठरतो. तुमचं वजन, कपडे, बूट आणि पाठीवरची सॅक हे सगळं धरायचं. ९० किलोपर्यंत साधारण २५ इंची, त्यापुढे ३० इंची. कंपनीगणिक तक्ता बदलतो, तो दुकानात पाहून घ्या. पहिल्या एक-दोन खेपांना विकत घेऊ नका. बॅजर पासला भाड्याने मिळतात, बे एरियातल्या आरईआयसारख्या दुकानांतही मिळतात. एकट्यासाठी मी बे एरियातूनच न्या म्हणेन, कारण घरात पट्टे बांधून-सोडून बघता येतात, हातमोजे घालूनसुद्धा. वर गेल्यावर थंडीत पट्टा कुठून कसा ओढायचा हे शोधत बसणं म्हणजे बोटं गारठवून घेणं.

घेताना दोन गोष्टी बघा. तळाला, पंजाखाली, धारदार दाते हवेत. सिएरातला बर्फ समुद्राकडून येणाऱ्या वादळांचा, ओला आणि जड असतो. तिथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. दिवसा ऊन लागून तो भिजतो, रात्री गोठतो, आणि सकाळी त्यावर काचेसारखा कडक पापुद्रा असतो. त्यावर दात्यांशिवाय पाय टिकत नाही. दुसरं, टाचेखाली उचलता येणारी तार हवी. चढावर ती उभी केली की टाच उंचावर टेकते आणि पोटऱ्यांवरचा ताण बराच कमी होतो.

काठ्या दोन हव्यात, आणि त्यांच्या टोकाला बर्फाच्या रुंद चकत्या हव्यात. उन्हाळी काठ्यांची छोटी चकती बर्फात काठीला मुठीपर्यंत जाऊ देते. बूट पाणी न शिरणारे, घोट्याच्या वरपर्यंतचे. मोजे लोकरीचे, एकच जाड जोड. दोन जोड चढवून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गोठतात. बुटावर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारी कापडी आवरणं, लागतातच, नाहीतर तासाभरात बर्फ आत जाऊन मोजे ओले होतात.

कपडे: घाम हा शत्रू

सह्याद्रीत आपण उन्हाने आणि तहानेने बेजार होतो. इथे माणूस आपल्याच घामाने गारठतो. स्नोशूवर चालताना शरीर भट्टीसारखं तापतं, कपडे ओले होतात, मग दहा मिनिटं थांबलात की तोच ओलावा अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून सुती काहीही नको. आतला बनियन, अंतर्वस्त्रं, मोजे, जीन्स, काहीच नाही. सूत पाणी धरून ठेवतं.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर. त्यावर फ्लीस. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं कवच-जॅकेट, बगलेत चेन असलेलं असेल तर उत्तम. पायांत पातळ आतली पँट आणि वर पाणी न शिरणारी. सॅकमध्ये एक जाडजूड, डाउन म्हणजे पिसांच्या किंवा सिंथेटिक भरावाचं जॅकेट. हे चालताना घालायचं नाही. थांबलात की पहिलं काम ते चढवणं. पाणी पिण्याआधी, फोटोआधी, नकाशा काढण्याआधी. गाडीतून उतरून निघताना किंचित थंडी वाजत असली पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे, दहा मिनिटांत घाम फुटेल.

हातमोजे दोन जोड: चालायला पातळ, आणि सॅकमध्ये जाड, चारही बोटं एकत्र राहतात तसे. कानटोपी. आणि गॉगल, ज्याबाबत आपली माणसं फार निष्काळजी असतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ढगाळ दिवशीही डोळे जळतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपतात, पाणी गळतं, दिसेनासं होतं. सोबत कोणी असेल तर हात धरून नेईल. एकट्याला तीच अवस्था चारचाकी चालवायच्या वेळी आली तर? गॉगल बाजूनेही झाकणारा हवा. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण इथे ऊन खालूनही येतं.

सॅकमध्ये काय

दिवसभराच्या सहलीला एवढं कशाला, असं सॅक भरताना वाटेल. एका पायाचा घोटा मुरगळला आणि एक रात्र तिथेच काढावी लागली तर काय लागेल, एवढाच प्रश्न मनात ठेवून भरा:

- बसायला-झोपायला घडीची फोमची चटई. बर्फावर थेट बसलात तर अंगावरचं सगळं जॅकेट फुकट.
- आपत्कालीन बिव्ही पिशवी, चकचकीत अस्तराची, पूर्ण अंग आत जाईल अशी.
- हेडटॉर्च आणि जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात.
- उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण, गार्मिन इनरीचसारखं. आयफोन १४ आणि पुढच्या फोनांतही उपग्रह-आणीबाणीची सोय आहे, पण ती फोनच्या बॅटरीवर अवलंबून, आणि वाटेवर मोबाइलचं नेटवर्क मिळेल हे गृहीत धरूच नका.
- कागदी नकाशा, होकायंत्र, शिट्टी, दोन लायटर, चाकू.
- दुरुस्तीसाठी दोन-तीन लांब रबरी पट्टे, थोड्या झिप-टाय आणि काठीला गुंडाळलेली डक्ट टेप. स्नोशूचा पट्टा तुटला तर परतीचा रस्ता कमरेइतक्या बर्फातून ओढत काढावा लागतो, आणि त्या वेळी या तीन वस्तू सोन्याच्या वाटतात.
- जास्तीचे मोजे, प्रथमोपचार, फोनसाठी पॉवर बँक.

फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात, अंगालगत. बाहेरच्या खिशात ४० टक्के चार्ज असलेला फोनही अचानक बंद पडतो.

पाणी दोन लिटर, त्यातलं निम्मं थर्मासमध्ये गरम. नळीची पाणी-पिशवी आणू नका, नळी गोठते. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे बर्फाचा थर बुडाकडे राहतो आणि झाकण उघडतं. तहान लागली म्हणून बर्फ चोखू नका, तो वितळवायला शरीराचीच उष्णता जाते.

खाण्यात आपल्या घरचे पदार्थ इथे खरोखर उपयोगी पडतात. जानेवारीत जात असाल तर गुळपोळी आणि तिळगूळ न्या. तीळ, गूळ, तूप, म्हणजे पटकन आणि सावकाश अशा दोन्ही तऱ्हेने पुरणारी ऊर्जा. शेंगदाण्याचे लाडू, खजूर, दुधातली दशमी हेही चालतं. चिक्की मात्र थंडीत दगड होते. ती घरीच छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. थर्मासमध्ये सुंठ आणि गूळ घातलेलं गरम पाणी. दर तासाला चार घास, भूक असो वा नसो. एकच मोठं जेवण करायला बसलात की गारठलात.

हवामान आणि रस्ता

निघण्याच्या चार दिवस आधीपासून राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज रोज पाहा. योसेमिटी त्यांच्या हॅनफर्ड कार्यालयाच्या हद्दीत येतं. "योसेमिटी" असं नुसतं शोधू नका, तो अंदाज बहुधा दरीचा असतो. संकेतस्थळावरच्या नकाशात बॅजर पासवर टिचकी मारून त्या उंचीचा अंदाज काढा. दरीपेक्षा बॅजर पास सुमारे हजार मीटर उंच, म्हणजे साधारण ६ अंश सेल्सिअस थंड. दरीतला पाऊस तिथे हिमवृष्टी असतो. बॅजर पासचा वेबकॅमही आहे, त्यावर बर्फाची आणि आकाशाची अवस्था दिसते.

एकट्यासाठी माझा नियम असा: वादळ येणार असेल तर नाही, वादळ चालू असेल तर नाही, आणि वादळ संपल्यावर पहिला दिवसही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस्ता साफ झालेला असतो, वाटेवर इतरांच्या पावलांनी चर पडलेली असते आणि फांद्यांवरचा बर्फ बराचसा गळून गेलेला असतो.

बे एरियातून जाताना हिवाळ्यात मर्सेड-मॅरिपोसावरून येणारा १४० क्रमांकाचा रस्ता धरा. इतर रस्त्यांपेक्षा त्याची उंची कमी आहे, त्यामुळे तो सहसा जास्त भरवशाचा. टायोगा पास हिवाळ्यात बंदच असतो. गाडीत टायर-चेन असल्याच पाहिजेत. कॅलिफोर्नियात चेनच्या नियमांचे तीन टप्पे आहेत, आर-१, आर-२, आर-३. योसेमिटीत ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीलाही चेन सोबत बाळगाव्या लागतात, आणि आर-३ लागलं तर सगळ्यांनाच चढवाव्या लागतात. घराच्या ड्राइव्ह-वेवर एकदा चढवून बघा. भाड्याची गाडी असेल तर कंपनी चेन लावू देते का ते आधी विचारा, अनेक कंपन्या देत नाहीत. निघायच्या सकाळी योसेमिटीच्या रस्त्यांची ध्वनिमुद्रित माहिती २०९-३७२-०२०० वर ऐका, आणि ग्लेशियर पॉइंट रस्ता बॅजर पासपर्यंत उघडा आहे का याची खात्री करा.

तो कागद

आदल्या दिवशी दोन प्रती लिहायच्या. एक खिशात, दुसरी मेसेजने एका माणसाला. हा माणूस अमेरिकेतच असावा. पुण्यातल्या आई-बाबांना हे काम देऊ नका. तिथून अमेरिकेचा आणीबाणीचा क्रमांक ९११ लागत नाही, आणि त्यांच्या जिवाला घोर तेवढा लागतो. जवळचा मित्र, बहीण, शेजारी, ज्याला रात्री आठला फोन करायला संकोच वाटणार नाही असा.

मेसेज असा:

"दादा, उद्या शनिवारी मी एकटा योसेमिटीत बॅजर पासहून ड्युई पॉइंटला स्नोशूने जातोय. वाट क्र. १८, जाताना-येताना तीच. गाडी बॅजर पासच्या पार्किंगमध्ये, मॉडेल-रंग-नंबर खाली. जॅकेट नारिंगी. सकाळी ९ ला चालायला सुरुवात, १२:३० ला जिथे असेन तिथून परत, ४ पर्यंत गाडीशी. ६ पर्यंत तुला मेसेज करेन. ८ वाजेपर्यंत काहीच आलं नाही तर ९११ लाव आणि 'योसेमिटी नॅशनल पार्क, बॅजर पास' सांगून हा मेसेज वाचून दाखव. ८ च्या आधी घाबरू नकोस, ८ नंतर थांबू नकोस."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. वाट बघणारा माणूस "उगाच गडबड होईल" म्हणून तासन्‌तास थांबतो. त्याला तुम्हीच आधी परवानगी दिलेली बरी.

खिशातल्या प्रतीवर चार ओळी जास्त: परतीची वेळ १२:३०. खुणांची वाट सोडायची नाही. पुढचं झाड दिसेनासं झालं तर परत. कड्याच्या धारेजवळ जायचं नाही. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य साधारण साडेपाचच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारासच. डिसेंबरात जात असाल तर परतीची वेळ पाऊण तास अलीकडे ओढा.

चालायला सुरुवात

बॅजर पासला पोचल्यावर रेंजरच्या ए-आकाराच्या इमारतीत आधी जा. वाटेची आजची अवस्था तिथे सांगतात. स्वच्छतागृह वापरून घ्या. पुढे लागलंच तर कागद झिप पिशवीत घालून परत आणायचा असतो. खाण्याच्या वस्तू गाडीत टाकून जाऊ नका. अस्वलं हिवाळ्यात बहुतेक झोपलेली असतात, पण अन्न साठवण्याचे नियम बाराही महिने लागू असतात.

पहिला मैल यंत्राने दाबलेल्या रस्त्यावरचा. तिथे स्कीवाल्यांसाठी दोन समांतर खोबणी कोरलेल्या असतात. त्यांवर स्नोशू टाकायचे नाहीत, कडेने चालायचं. एका माणसाच्या पावलांनी ती खोबण दिवसभरासाठी बिघडते. या मैलाला अर्ध्या तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. समिट मेडोला पोचेपर्यंत अंग तापलेलं असतं, तिथे एक थर उतरवा, पाणी प्या, पट्टे पुन्हा आवळा.

चालताना पाय नेहमीपेक्षा किंचित फाकवून टाका, नाहीतर एका स्नोशूवर दुसरा पडून तोंडघशी पडाल. मागे सरकायचा प्रयत्न करू नका, शेपटी रुतते. वळायचं तर छोट्या पावलांनी गोल फिरा. चढावर बुटाचं टोक जोरात मारून पायरी करा आणि तीत उभं राहा. उतारावर गुडघे सैल, वजन टाचांवर, काठ्या पुढे. तिरप्या उतारावर वरच्या बाजूची कड बर्फात दाबायची.

कुरणात शिरल्यावर पुढे कोणाचीच पावलं नसतील तर गणित बदलतं. अस्पर्श, मऊ बर्फात वाट फोडताना तासाला एक मैलही होत नाही. घड्याळ बघा. कुरणातल्या पहिल्या तासात एक मैलापेक्षा कमी झालं असेल तर आज ड्युई पॉइंट नाही, हे तिथेच मान्य करायचं. कुरणाच्या कडेला उन्हात बसून तिळगूळ खाऊन परतणं हीही पूर्ण सहल आहे.

खुणा झाडांच्या खोडांवर उंचावर असतात, कारण खालच्या बर्फाखाली जातात. एक खूण सोडून पुढे जाण्याआधी पुढची दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर ५० पावलं मोजत जा, नाही सापडली तर मोजत परत या आणि दुसऱ्या बाजूला बघा. आपल्याच पावलांच्या भरवशावर राहू नका. वारा उठला किंवा बर्फ पडू लागला तर तासाभरात ती बुजतात. फोनवर उतरवून घेतलेला नकाशा मधूनमधून पाहा, पण थांबून.

दोन धोके या वाटेवर डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला झाडांच्या बुंध्याशी. फर आणि पाइनच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे खोडाभोवती पोकळ, भुसभुशीत विहीर तयार होते. माणूस त्यात पडला की वरून फांद्यांवरचा बर्फ कोसळतो, आणि एकट्याला, विशेषतः डोकं खाली गेलं तर, बाहेर येता येत नाही. फांद्या बर्फाला टेकलेल्या प्रत्येक झाडापासून दोन-तीन मीटर लांब राहा. सावलीसाठी, टेकण्यासाठी, लघवीसाठी बुंध्याजवळ जाऊ नका. दुसरा धोका कुरणातल्या ओढ्यांचा. वरून सलग बर्फ, खाली वाहतं पाणी. जमिनीत लांबट खळगा दिसला, बर्फाचा रंग काळपट वाटला किंवा पाण्याचा आवाज आला तर तिथून ओलांडू नका. इतरांनी जिथून ओलांडलंय तिथून जा, काठीने आधी टोचून बघा. पाय ओला झाला तर मोजा तिथल्या तिथे बदलायचा, "गाडीशी गेल्यावर बघू" नाही.

कड्यावर

शेवटचा टप्पा चढाचा आहे आणि तो संपता संपता झाडी अचानक सरते. समोर दरीपलीकडे एल कॅपिटनची सलग भिंत, बाजूला कॅथीड्रल रॉक्स, आणि पायाखाली हजारेक मीटर खोल दरी. उन्हाळ्यातही इथे गाडीने पोचता येत नाही. हे दृश्य पायांनीच कमवावं लागतं, म्हणूनच या वाटेवर माझा इतका जीव आहे.

ड्युई पॉइंटला कठडा नाही. कड्याच्या धारेवर बर्फ वाऱ्याने पुढे सरकून हवेत लोंबतो आणि खाली दगड आहे की पोकळी हे वरून कळत नाही. खडक उघडा असेल तर त्यावर काचेचा थर असतो. म्हणून शेवटच्या झाडांच्या रांगेशीच थांबा, दृश्य तिथूनही पूर्ण दिसतं. फोटो काढताना फोनच्या पडद्यात बघत एकही पाऊल टाकायचं नाही. जाड जॅकेट चढवा, चटई टाका, गरम सुंठपाणी प्या. वीस मिनिटं पुरे. घड्याळात साडेबारा झाले की उठायचं, मग ढग हटून ऊन नुकतंच एल कॅपिटनवर पडत असलं तरी.

बिघडलं तर

हिमदाह (थंडीने बोटं-नाक गोठणं) आणि अल्पतापमान यांत एकट्याला दुसऱ्याची जास्त भीती बाळगावी लागते. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की अल्पतापमान सुरू होतं, आणि ते ओळखणारा मेंदूच मंद झालेला असतो. म्हणून स्वतःची परीक्षा ठरवून घ्या. दर तासाला अंगठा करंगळीला लावा. लागत नसेल, जॅकेटची चेन ओढता येत नसेल, पाय अडखळत असतील, विनाकारण चिडचिड होत असेल, तर लगेच थांबून जाड जॅकेट, कोरडे मोजे, गरम गोड पाणी, खाणं आणि मग परतीची वाट. बोटं किंवा नाक पांढरं, बधिर झालं तर चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. बोटं काखेत धरा, नाकावर उघडा तळवा.

पाय मुरगळला आणि चालवत नसेल तर मदत दुपारीच मागा. रात्री नऊला मागितलेल्या मदतीपेक्षा दुपारी दोनला मागितलेली मदत कितीतरी सोपी असते, आणि लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास उजेडाचा असतो. झाडांचं छत नसलेल्या मोकळ्या जागी जाऊन उपकरणावरचं एसओएस दाबा, तुमची स्थिती थोडक्यात लिहा आणि त्यानंतर जागा बदलू नका. वाऱ्याच्या आडोशाला, कड्यापासून आणि झाडांच्या विहिरींपासून दूर, स्नोशूने बर्फात लांबट चर खणा, तळाला चटई, त्यावर सॅक, आणि बिव्हीत शिरा. सगळे कपडे अंगावर, बूट सैल. दर पंधरा मिनिटांनी शिट्टीचे तीन आवाज.

वाट चुकली असं वाटलं तरी पहिलं काम थांबणंच. खा, प्या, नकाशा काढा. उतार सोपा दिसतो म्हणून खाली जाऊ नका. या भागात उत्तरेचा उतार शेवटी दरीच्या कड्यापाशीच संपतो.

परत

दुपारनंतर बर्फ भिजतो, स्नोशूच्या दात्यांत गोळे चिकटतात. काठीने टोला मारून ते पाडत राहा, नाहीतर घोटा वाकडा पडतो. परतीचा शेवटचा मैल, तोच सपाट रस्ता, सर्वांत लांब वाटतो, आणि गाफीलपणाही तिथेच येतो.

गाडीशी आल्यावर ओले मोजे आणि आतला थर आधी बदला, मग गाडी चालू करा. संध्याकाळी चिंकापिनकडे उतरताना वळणांच्या सावलीत रस्त्यावर न दिसणारा पातळ बर्फ धरतो. गती कमी, ब्रेक हलके, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. जिथे पहिल्यांदा नेटवर्क मिळेल तिथे बाजूला थांबून दादाला मेसेज करा, जेवणाचा विचार त्यानंतर. झोप अनावर असेल तर मॅरिपोसात मुक्काम करा, त्याच रात्री चार तास गाडी हाकून बे एरियात पोचण्याची काही गरज नाही. घरी आल्यावर स्नोशूचे पट्टे पूर्ण सोडून वाळवा, डाउन जॅकेट पिशवीतून काढून मोकळं टांगा, आणि खिशातल्या कागदावर प्रत्येक टप्प्याला प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहून तो जपून ठेवा. पुढच्या खेपेची परतीची वेळ त्याच आकड्यांवरून ठरवायची आहे.